रुंद टायर, सतरा इंची अलॉय आणि पुढचा गार्ड: पैसे आधी कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्यात कारेलीबागेतून रोज १२५ सीसीच्या बाईकवर मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, कामाला जाता. बाईकला पुढे-मागे ८०/१००-१८ टायर आहेत. दोन्ही झिजलेत आणि मागचा तर गुळगुळीत झालाय, त्या जागी १२०/८०-१८ बसवायचं तुमच्या मनात आहे. घरी वडिलांची स्विफ्ट आहे, लोखंडी चाकांची, १६५/८० आर १४ टायरवर चालणारी. तिला सतरा इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं), पुढे स्टीलचा गार्ड आणि जास्त वॉटचे दिवे हवेत. सुटीत सगळं घर एक्सप्रेसवेने अहमदाबादला जातं. दोन्ही गाड्यांसाठी मिळून चाळीस हजार रुपये बाजूला काढलेत.

मी बडोद्यात टायर, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि चाकांच्या कामात अर्धं आयुष्य घालवलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. सतरा इंची अलॉय घेऊ नका, बाईकला १२० चा टायर घालू नका, गार्ड तर नकोच. त्या पैशांत दोन्ही गाड्यांचे टायर चांगल्या प्रतीचे घ्या आणि चांगल्या हातांकडून बसवून घ्या. नुसतं ‘नको’ ऐकून तुम्ही दुकानात गेलात तर तिथला माणूस पाच मिनिटांत तुमचं मन वळवेल, म्हणून कारणंही देतो.

टायरच्या बाजूला कोरलेले आकडे वाचायला शिकलात की निम्मं काम झालं. १६५/८० आर १४ यातला १६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंचीची बाजूची भिंत, जिला आपण साइडवॉल म्हणतो. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढे ८५ टी असं काहीतरी असतं. त्यातला ८५ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला ५१५ किलो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. हा भाराचा आकडा गिऱ्हाईक कधीच विचारत नाही आणि दुकानदार क्वचितच सांगतो. मी मात्र सगळ्यात आधी तोच बघतो.

आता हिशेब करू. १६५ च्या ८० टक्के १३२ मिलिमीटर. वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवा: टायरचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर. वरच्या मॉडेलच्या स्विफ्टला कंपनी १८५/६५ आर १५ देते, त्याचा व्यास येतो ६२१.५. जवळजवळ तेवढाच, आणि तो योगायोग नाही. गिअरचं गुणोत्तर, स्पीडोमीटर, एबीएसचं गणित, चाकाच्या कमानीतली जागा हे सगळं त्या व्यासाभोवती बेतलेलं असतं. म्हणून टायर बदलताना व्यासात तीन टक्क्यांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. कमी पडला तर उत्तमच.

सतरा इंचांचा चाहता लगेच म्हणेल की २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ येतो, तो नियमात बसतो. व्यास बसतो, पण साइडवॉल बघा. चौदा इंचीला १३२ मिलिमीटर, पंधराला १२०, सोळाला (१९५/५५) १०७ आणि सतराला फक्त ९२. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढीच रबराची आणि हवेची गादी असते. पावसाळा संपत आला की जांबुवा पुलाजवळ किंवा वाघोडिया रोडवर रस्त्याची काय अवस्था असते ते तुम्ही रोज बघता. कमी उंचीचा टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की साइडवॉल रिम आणि कडेमध्ये चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो फेकावाच लागतो आणि तोवर वेगात गाडी चालवणं धोक्याचं असतं. भाराकडेही बघा: साध्या बांधणीच्या २०५/४५ आर १७ ला बहुतेक वेळा ८४ चा आकडा असतो, म्हणजे ५०० किलो. तुमच्या मूळ टायरपेक्षा कमी. जास्त भाराचा एक्सएल प्रकार मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो आणि त्यात हवाही थोडी जास्त लागते. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन मे महिन्यात अहमदाबादला निघणाऱ्या कुटुंबासाठी ही निवड मी कधीच करणार नाही.

स्विफ्टला काही बदल करायचाच असेल तर १५ इंची आणि १८५/६५ हा मार्ग आहे. कंपनीनेच त्या गाडीवर तपासलेलं माप आहे ते. वरच्या मॉडेलची कंपनीची अलॉय काढून विकणारे लोक असतात. ती मिळाली तर उत्तम, पण चाक फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका. बॅलन्सिंगच्या मशीनवर लावा आणि कड डोलते का ते डोळ्यांनी बघा. आतल्या बाजूला वेल्डिंग केल्याची रेघ दिसली तर ते चाक तिथेच सोडा. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून रंग मारला की वरून काही कळत नाही, पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेची मूळ ताकद जाते. लोखंडी चाक वाकलं तर ठोकून सरळ होतं, आणि आपल्या रस्त्यांवर तो मोठा गुण आहे.

बाहेरची नवी अलॉय घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. भोकांचं माप, म्हणजे पीसीडी: स्विफ्टला चार भोकं आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. मधलं भोक: ते गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, घट्ट बसलं पाहिजे. स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर आहे आणि बाहेरच्या अलॉयचं भोक बहुधा त्याहून मोठं असतं, म्हणून मधे रिंग घालावी लागते. ती नसली की चाक नटांच्या आधारावर बसतं आणि ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. मग माणूस बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करत बसतो, तरी दोष जात नाही. तिसरा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. चाक बाहेर आलं की गाडी ऐटदार दिसते खरी, पण बेअरिंग आणि सस्पेन्शनवरचा जोर वाढतो आणि भरलेली गाडी उसळली की टायर कमानीला घासतो. चौथे नट: लोखंडी चाकाचे नट अलॉयला चालतीलच असं नाही, बसण्याचा कोन जुळला पाहिजे. हे चारही प्रश्न विचारल्यावर दुकानदार ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ असं म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

बाईककडे वळतो. इथे चूक जास्त महागात पडते, कारण चाकं दोनच. ८०/१००-१८ चा व्यास ६१७ मिलिमीटर, १२०/८०-१८ चा ६४९. म्हणजे पाच टक्क्यांची वाढ. मागचं चाक एवढं मोठं झालं की गिअरिंगच बदलतं. १२५ सीसीच्या इंजिनाला ते ओढवत नाही, पिकअप मरतो, मायलेज पडतं. पण मोठं नुकसान वेगळंच आहे. तुमच्या बाईकच्या रिमची रुंदी दोन इंचांच्या आत असते, ती रिमवर कोरलेली दिसेल. १२० च्या टायरला साधारण अडीच ते तीन इंच रुंदीचं रिम लागतं. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार गोल होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारी पट्टी वाढत नाही, उलट मधलीच बारीक पट्टी झिजत राहते. वळणावर बाईक एकदम कलते. चेन आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यापासून जागा कमी होते ती वेगळीच. ज्या पकडीसाठी रुंद टायर घ्यायचा तीच त्यातून मिळत नाही.

रिमवर १.८५ लिहिलेलं असेल तर मागे ९०/९०-१८ चालेल. व्यास ६१९ येतो, म्हणजे मूळ मापाला धरूनच. रिम १.६० चं असेल तर ८०/१०० वरच राहा. भाराचा आकडा इथेही बघा: ५४ म्हणजे २१२ किलो, ४७ म्हणजे १७५. मागच्या टायरला ५४ हवा. पुढे ४७ चालतो, म्हणून तोच स्वस्तात मागे बसवून देणारेही भेटतात. मागे बायको किंवा मित्र बसला, पिशव्या आल्या, की बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं.

आता टायरचा दर्जा. बहुतेक लोक दुकानात येऊन ‘मायलेजवाला द्या’ म्हणतात. जास्त किलोमीटर चालणारा टायर म्हणजे कडक रबर, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर कमी धरतं. मागच्या चाकाला मध्यम कडक रबर ठीक आहे. बाईकच्या पुढच्या चाकाला मात्र पकड असलेलाच टायर घ्या, चार हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो आणि खरं थांबवण्याचं काम पुढचं चाक करतं. मागचं घसरलं तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच. पहिल्या पावसात झेब्रा पट्ट्यांवर आणि गटाराच्या झाकणांवर हे मी फार वेळा पाहिलंय, आणि पडलेल्या बहुतेकांच्या मागच्या टायरची नक्षी चांगली होती, पुढच्याची नव्हती. पुढचा टायर हळू झिजतो म्हणून लोक तो वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. रबर म्हातारं होतं, कडक होतं, बारीक भेगा पडतात, नक्षी मात्र दिसत राहते.

म्हणून तारीख वाचा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे वाघोडियाजवळ लिमड्याला अपोलोचा आणि हालोलला सिएटचा कारखाना आहे, म्हणून बडोद्यात टायर ताजाच मिळणार अशी अनेकांची समजूत असते. दुकानाच्या माळ्यावर पडलेला टायर कुठे बनला याला अर्थ नाही, कधी बनला ते बघायचं. सहा महिन्यांच्या आतला मागा, वर्षाच्या आतला मिळाला तरी घ्या. गाडीवर पाच-सहा वर्षं झालेला टायर दरवर्षी नीट तपासून घ्यावा, आणि स्टेपनीलाही हेच लागू आहे. ती वापरलीच नाही म्हणून नवी राहत नाही. आयएसआयचा शिक्का बघा: दुचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७, कारसाठी आयएस १५६३३. घासून पुन्हा खाचा पाडलेले ‘कटिंग’चे टायर स्वस्तात मिळतात. खाचा पाडताना दोऱ्यांवरचं रबरच पातळ होतं. ते घरच्या गाडीला कधीही लावू नका.

कारच्या टायरला नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. रबर झिजून तिथपर्यंत पोचलं की कायद्याने टायर संपला. बाईकच्या टायरातही अशी खूण असते, ती याहून कमी उंचीची. मी दोन्हीकडे तिथपर्यंत थांबत नाही, पावसाळ्याआधी तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला कारचा टायर बदलायला सांगतो. खाच उथळ असली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

हवेबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय, कारण यात बडोद्यातली चांगली चांगली माणसं चुकतात. उन्हाळ्यात ‘टायर फुटेल’ म्हणून हवा कमी भरायची पद्धत आहे. हे उलटं आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते, रबर आणि दोरे सुटू लागतात आणि टायर फुटतो. आपला अहमदाबाद एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा, सरळसोट. बेचाळीस अंशांच्या दुपारी, पाच माणसं भरून, २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इतक्या कमी हवेवर ताशी शंभरने तासभर पळवलेला टायर फुटायला वेगळं कारण लागत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर आहे. त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर अहमदाबादला जाताना तोच ठेवा. हवा नेहमी थंड टायरला मोजा. गरम टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून त्यातून हवा काढू नका. दहा अंशांच्या फरकाने साधारण दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो, तेव्हा डिसेंबरात आणि मे महिन्यात पुन्हा बघावं लागतं. नायट्रोजनचं फार मनावर घेऊ नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा मोजायचा दोन-तीनशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या आणि पंधरा दिवसांनी वापरा. पंपावरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत.

टायर बसवताना समोर उभे राहा. साइडवॉलवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते बघा. ट्यूबलेस असेल तर वॉल्व्हही नवा टाका, तो स्वस्त असतो आणि जुना हळूहळू हवा सोडतो. चारऐवजी दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे आणि बरे असलेले जुने पुढे. स्विफ्टचं इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणून लोक नवे पुढे घालतात. पण ओल्या वळणावर मागची बाजू सुटली की साध्या चालकाला गाडी आवरत नाही. नट हवेच्या गनने कडकड आवळून सोडणाऱ्याला थांबवा आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) द्यायला लावा, तोही समोरासमोरच्या क्रमाने. अलाइनमेंट नवीन टायर बसवल्यावर त्याच दिवशी करा, आणि आधी-नंतरचा छापील कागद मागा.

बडोदेकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१९ च्या ३१ जुलैचा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर आपण पाहिलाय. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू झाली, म्हणजे सगळं ठीक असं नसतं. चाकाच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चिकटतो आणि नंतर गाडी थरथरते. लोक टायरला दोष देतात, खरं तर रिम आतून धुतलं की ती थरथर जाते. ब्रेकचे ड्रम उघडून साफ करावे लागतात, बेअरिंगमधलं ग्रीस पाहावं लागतं. बाईकची चाकं हाताने फिरवा, खरखर ऐकू आली तर बेअरिंग बदला.

आता उरलेल्या वस्तू. स्टीलचा गार्ड नको म्हणतो त्याची दोन कारणं आहेत. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच चारचाकींवरचे क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. दुसरं महत्त्वाचं: गाडीचा पुढचा भाग ठरलेल्या पद्धतीने दबून धक्का शोषतो आणि त्यावरून एअरबॅगचा सेन्सर निर्णय घेतो. गार्ड तो धक्का सरळ चॅसीत पोचवतो, आणि समोर पायी माणूस असेल तर त्याला थेट लोखंड लागतं.

दिव्यांचं असं की स्विफ्टच्या एच४ बल्बला ६०/५५ वॉट ठरलेले आहेत. शंभर वॉटचा बल्ब घातला की होल्डर आणि वायर तापून वितळतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घातला तर उजेड पसरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आधी काच पॉलिश करा, चांगल्या कंपनीचा त्याच वॉटचा बल्ब घ्या आणि फोकस लावून घ्या. बहुतेकांची तक्रार तेवढ्यानेच मिटते.

बाईकचा साडीगार्ड आणि मागचं हँडल काढून टाकायचा विचार असेल तर तो सोडा. मागे बसणाऱ्यासाठी हँडल, पायदान आणि मागच्या चाकावरचं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात आहे. ओढणी किंवा पदर चाकात गेल्यावर काय होतं हे ज्या घरांनी पाहिलंय ती घरं या शहरात आहेत. कारच्या सीटला कव्हर घालायचं तर सीटच्या बाजूला एअरबॅग आहे का बघा. असेल तर तिथली शिवण मोकळी सोडलेलंच कव्हर घ्या. ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट टाकू नका.

चाळीस हजारांचा क्रम मी असा लावेन. आधी आयएस ४१५१ चा शिक्का असलेली दोन हेल्मेट, एक तुमचं आणि एक मागे बसणाऱ्याचं. मग बाईकचा पुढचा आणि मागचा टायर एकदमच. मग स्विफ्टचे चार टायर, मूळ मापाचे, अलाइनमेंट-बॅलन्सिंगसह. मग गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप. एवढ्यातून काही उरलं तर जपून ठेवा. कंपनीची १५ इंची अलॉय चांगल्या अवस्थेत मिळाली, तर ती पुढच्या वेळच्या टायरबदलाला घ्या, म्हणजे आत्ताचे चौदा इंची टायर वाया जाणार नाहीत. ती बसवलीत की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या.

नवे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सौम्य हाताने चालवा, वरचा गुळगुळीत थर घासला गेला पाहिजे. तेवढं अंतर झालं की परत येऊन चाकांचे नट पुन्हा तपासून घ्या, त्यानंतरच गाडी अहमदाबादला न्या.